यंत्राच्या माशीला पोट नसतं

तुझा प्रश्न थोडक्यात असा. साल २०८५. बेळगाव-खानापूर पट्ट्यात एकही मधमाशी उरलेली नाही. शेतकरी कंपनीकडून यंत्राच्या माश्या भाड्याने घेतात, सकाळी पेटी उघडतात, माश्या शिवारभर फिरतात आणि संध्याकाळी पेटीत परत येतात. गावच्या साहित्य संमेलनासाठी ही कथा लिहायची आहे आणि तू विचारतेस, "काका, हे खरं वाटेल का? एकराला किती माश्या लागतील? आणि बिघडायचंच झालं तर काय बिघडेल?"

मी कथा लिहीत नाही. अकरा हंगाम राणेबेन्नूरच्या बाजूला बीजोत्पादनाच्या प्लॉटांवर सुपरवायझर होतो, म्हणजे माणसांच्या हातांनी परागीभवन करवून घेणं हाच माझा धंदा होता. नंतरची वीसेक वर्षं मार्कंडेय नदीच्या काठाला आमच्या शिवारात सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या ठेवतोय. माशीचं काम माणसाने केलेलं पाहिलंय आणि माशीने केलेलंही. तुझं यंत्र या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसणार, म्हणून लिहायला बसलो.

'माश्या शिवारभर फिरतात' या तुझ्या ओळीवर मी अडलो. का फिरतात? सातेरी फुलावर जाते ती तुझ्या काकडीसाठी जात नाही. तिला भूक असते, पोळ्यात पिल्लं वाट बघत असतात, म्हणून ती मकरंद आणि पराग गोळा करत हिंडते. त्या गडबडीत एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला लागतो. म्हैस तळ्यातून वर आली की तिच्या अंगाचा चिखल गोठ्याच्या दाराला लागतो, तसंच हे. यंत्राला पोट नाही, पिल्लं नाहीत. त्याला प्रत्येक फुलाकडे कुणीतरी धाडावं लागणार. कुठलं फूल, किती वाजता, कुठला पराग घेऊन, आणि तिथून पुढे कुठे. हे धाडणारं 'कुणीतरी' तुझ्या कथेत कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते कथा त्याचीच आहे.

उडण्याचं आधी उरकून टाकू, कारण त्यावर तू दोन पानं खर्च केली आहेस आणि एक पुरे. हार्वर्डमध्ये रॉबर्ट वुड यांच्या प्रयोगशाळेत 'रोबोबी' झाली, ती ८० मिलिग्रॅमची, पंख पसरले की ३ सेंटिमीटर. २०१३ साली ती ताब्यात राहून उडाली, पण वीज बाहेरून, केसासारख्या वायरीतून. २०१९ साली चार पंखांचं, २५९ मिलिग्रॅमचं यंत्र वायरीशिवाय उडालं. डोक्यावर सौर पट्टी होती, तरी उन्हाच्या तिप्पट प्रखर दिवे लावावे लागले, आणि उडालं ते सेकंदभरही नाही. २०२५ च्या सुरुवातीला एमआयटीच्या यंत्राने एका दमात १,००० सेकंद हवेत काढले. तेही वायरीला बांधलेलंच. साठ वर्षांत ती वायर सुटेल असं तू धरलंस, त्याला माझी हरकत नाही.

वायर का सुटत नव्हती, हे मात्र कथेत कुणाच्या तरी तोंडी घाल. एक ग्रॅम साखरेत साधारण १७ किलोज्यूल ऊर्जा असते. आजच्या लिथियम बॅटरीच्या एका ग्रॅममध्ये एक किलोज्यूलसुद्धा भरत नाही. माशी निघताना पोटात थोडा मध घेऊन निघते आणि वाटेत फुलाफुलावर तिचा पेट्रोल पंप असतो. तुझं यंत्र काही मिनिटं उडून बांधावरच्या खुंटीवर चार्जिंगला बसणार. म्हणजे तुझ्या २०८५ च्या शिवारात दर पंधरा-वीस पावलांवर खुंट्या हव्यात, त्यांना वीज हवी, आणि त्या खुंट्यांना बैल अंग घासणार. बैल उरले असतील तर. पॉवर टिलरवाला तर हमखास दोन-चार पाडणार.

आता पराग. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

संकरित कापसाचं बी कसं करतात माहीत आहे? तुझ्या आजोबांच्या पिढीला 'वरलक्ष्मी' हे नाव माहीत असेल. धारवाडला कटरकी यांनी काढलेला कापसाचा संकर, १९७२ चा. लांब धाग्याचा. असल्या संकराचं बी माशीवर सोडून मिळत नाही. मादी ओळीत, म्हणजे जिच्यावर बी धरायचं त्या ओळीत, उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी सोलून काढायची, मधला कोंब तेवढा शाबूत ठेवायचा. सोललेली कळी उद्या सापडावी म्हणून तिच्यावर लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल तोडून आणायचं आणि एका फुलाने चार-पाच कळ्या पुसायच्या. दुपार झाली की संपलं. कापसाचं फूल सकाळी फिकट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, आणि गुलाबी झालं की त्याचा उपयोग नाही.

हे काम बायका करायच्या. नव्या मुलीला मी विचारायचो, ही कळी उद्याची की परवाची? ती गोंधळायची. जुन्या अक्का हसून म्हणायच्या, "हू हेळ्तैति." फूलच सांगतं. काय सांगतं ते त्यांना शब्दांत धरता यायचं नाही. पाकळीचं टोक किती वर आलंय, रंग किती उतरलाय, बोटाला किती घट्ट लागतंय, हे सगळं एका नजरेत. कॅमेऱ्याला हे शिकवता येईल, यात मला शंका नाही. फूल ओळखणं आजही यंत्राला बऱ्यापैकी जमतं. पण त्या शिकवणीसाठी लाखो फुलं कुणीतरी आधी बघून, 'आजचं', 'उद्याचं', 'गेलं' अशा चिठ्ठ्या लावून द्यावी लागणार. ते अक्काच करणार. तुझ्या कथेत अशी एक म्हातारी ठेव. क्रॉसिंगचं, म्हणजे हाताने पराग लावायचं, काम यंत्राने नेलं आणि तिला यंत्राला शिकवायच्या रोजगारावर लावलं. मी तिला नायिका केलं असतं.

टोमॅटोच्या प्लॉटवर आणखी एक गंमत. क्रॉस केलेल्या फुलाची दोन निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी पानं, कातरीने छाटतात, म्हणजे पुढे फळ धरलं की देठाकडे बघून कळतं, हे आपलं, हे आपोआप झालेलं. नाहीतर कुठलं फूल झालं आणि कुठलं राहिलं याचा हिशेब कुणी ठेवायचा? मधमाशी हे वासाने करते. ती ज्या फुलावर जाऊन आली, तिथे तिचा वास थोडा वेळ राहतो, आणि मागून येणारी माशी ते फूल टाळते. तुझ्या यंत्रांमध्ये हा हिशेब कुठे राहतो? प्रत्येकाच्या डोक्यात, की पेटीत, की दूर कुठल्या सर्व्हरवर? सर्व्हरवर असेल आणि रेंज गेली, तर हजार यंत्रं एकाच फुलावर येऊन आदळतील. जांबोटी-कणकुंबीकडे रेंजचं काय होतं, ते मी तुला सांगायला नको.

वेळा चुकवू नकोस. तुझी यंत्रं 'सकाळी निघतात'. काकडी, भोपळा, कारलं सकाळचे. भोपळ्याचं फूल उजाडताना उघडतं आणि दहा-अकराला मिटायला लागतं. घोसाळं पहाटेचं. पण त्याचा सख्खा भाऊ दोडका संध्याकाळी पाचनंतर उमलतो, दुध्याचंही तसंच, आणि तिथे पतंग येतात. सीताफळाचं फूल तर वेगळंच नाटक करतं. आधी ते मादी असतं, नंतर नर होतं, आणि एकाच फुलात दोन्ही वेळा जुळत नाहीत. पाकळ्या जाड, आत जायला बारीक फट. तिथे माशी लागतच नाही, छोटे भुंगेरे रांगत आत शिरतात. बागायतदार ब्रशने करतात ते त्यामुळेच. म्हणजे सीताफळासाठी तुला उडणारं यंत्र नको, रांगणारं हवं. वांगं आणि टोमॅटो यांचे पुंकेसर मिरपुडीच्या डबीसारखे, टोकाला भोक असलेले. भोवरमाशी फुलाला धरून अंग थरथरवते तेव्हा पराग खाली पडतो. आपल्या सातेरीला ते येत नाही. त्यामुळे २०८५ मध्ये एकच 'यंत्रमाशी' नसणार. थरथरणारी, रांगणारी, संध्याकाळची, असे चार-पाच वाण असतील, आणि शेतकरी त्यांना आपापली नावं देईल. 'कृत्रिम परागवाहक' असं कुणी म्हणणार नाही. कन्नड घरात 'हुळ' म्हणतील, आपल्यात 'कंपनीची माशी'. रांगणाऱ्याला 'मुंगळा'.

पराग उचलणं आणि तो योग्य तेवढा सोडणं, हे तर आणखी किचकट. माशीच्या अंगावर लाखो केस असतात, उडताना अंगावर विजेचा भार चढतो, आणि फुलाजवळ गेली की पराग उडी मारून तिला चिकटतो. जपानमध्ये इजिरो मियाको यांच्या गटाने २०१७ साली हातावर मावेल एवढ्या ड्रोनला घोड्याचे केस लावले, त्यांना चिकट जेल फासलं आणि लिलीच्या एका फुलाचा पराग दुसऱ्याला नेला. पुढे २०२० मध्ये त्यांनीच साबणाच्या फुग्यांत पराग घालून ते फुगे नासपतीच्या फुलांवर सोडले. मला हा फुग्यांचा प्रकार फार आवडला. यंत्र कीटकासारखंच दिसलं पाहिजे असा हट्ट कशाला, असं त्यातून कळतं.

मापाचं म्हणशील तर कलिंगडाच्या एका फुलाला पाचशे-हजार परागकण लागतात, आणि तेही कुक्षीच्या, म्हणजे मादी फुलातल्या पराग झेलणाऱ्या टोकाच्या, तिन्ही भागांवर सारखे पडायला हवेत. एकाच बाजूला पडले तर फळ वाकडं. काकडीही अशीच, शेपटीकडे बारीक आणि वळलेली. बाजारात असा माल आला की व्यापारी तो बाजूला काढतो, आणि शेतकरी खताला दोष देतो. तुझ्या कथेत पहिली बिघाडाची खूण हीच असू दे. अलार्म नाही, लाल दिवा नाही. मार्केट यार्डात सकाळी पोती उघडतात आणि सगळ्या गावची काकडी एकाच बाजूला वळलेली निघते.

किती माश्या लागतील? अथणीकडच्या कोरडवाहू सूर्यफुलाचं गणित करू. ६० बाय ३० सेंटिमीटरवर लावलं तर एकरात साधारण २२,००० झाडं. एका फुलात, म्हणजे आपण ज्याला फूल म्हणतो त्या चकतीत, हजारभर बारीक फुलं धर. झाली २ कोटी २० लाख. ती बाहेरून आत, रोज एक-दोन गोल, अशी आठेक दिवस उमलतात. यंत्राला एका बारीक फुलाला ५ सेकंद लागले तर ११ कोटी सेकंद, म्हणजे ३०,५०० तास. आठ दिवस, रोजचे पाच तास कामाचे धरले तर एका यंत्राचे ४० तास. म्हणजे साडेसातशेच्या वर यंत्रं, चार्जिंगला निम्मा वेळ गेला तर दीड हजार. एका एकराला. माशी चकतीवर पोट घासत चालते आणि एका फेरीत कितीतरी फुलं उरकते, म्हणून एकरी दोन पेट्यांत भागतं. तुझ्या यंत्रालाही चालायला शिकव, आकडा एकदम खाली येईल. उडण्यापेक्षा चालणं स्वस्त. विज्ञानकथावाले हे नेहमी विसरतात.

आता आपला पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात काय चिकचिक असते, तुला माहीत आहे. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सुमारे ६५ मिलिग्रॅमचा भरतो. ८० मिलिग्रॅमच्या यंत्रावर तो पडणं म्हणजे तुझ्यावर कुणीतरी जवळजवळ तुझ्याच वजनाचं पाण्याचं पिंप टाकणं. जिवंत माश्या पावसात घरी बसतात. तुझी कंपनी मात्र भाडं तासावर घेते, म्हणून ती 'हलक्या पावसातही चालते' असं छापणार. आणि चालली तरी उपयोग काय? परागकणाला पाणी लागलं की तो फुगून फुटतो. ओल्या फुलावर यंत्र पाठवणं म्हणजे भाडं वाया. पाऊस उघडला की खानापूरकडची तांबडी माती. वाळल्यावर जी धूळ उडते ती पंखाच्या सांध्यात गेली, की उद्यमबागेतला कुठलाही फिटर तुला सांगेल पुढे काय होतं. अशा यंत्राचे सांधे लेथवर होत नाहीत. कार्बन फायबर आणि प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या लेझरने कापून, एकावर एक चिकटवून, उघडल्यावर उभ्या राहणाऱ्या भेटकार्डासारख्या दुमडतात. उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये असे सांधे बदलून देणारा पोरगा तुझ्या कथेत शोभेल. कंपनीच्या परवानगीशिवाय बदलून देणारा.

पक्षी विसरलीस. वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपतो. पकडलेली माशी तारेवर आपटतो, घासतो, नांगी निघाली की गिळतो. त्याला यंत्र कळणार नाही. पहिले काही महिने तो आपटत बसेल. मग दोन गोष्टी होतील. एक तर तो शहाणा होईल, नाहीतर मरेल. गिळलेल्या बॅटरीने पक्षी मेले तर त्याचा पंचनामा कुणी करायचा? मी असतो तर कथेचं पहिलं वाक्य त्या तारेवरच्या टकटक आवाजाने केलं असतं.

एक गैरसमज मात्र काढून टाक. 'मधमाश्या संपल्या आणि चार वर्षांत माणूस उपाशी मरू लागला' असं तू लिहिलंयस. आइनस्टाइनच्या नावावर खपवलेलं हे वाक्य त्याने कधी म्हटल्याचा पुरावा नाही. भात, गहू, ज्वारी, मका यांना माशी लागत नाही. चिकोडी-रायबागचा ऊस आपण कांडी लावून करतो, तिथे परागाचा प्रश्नच येत नाही. जगातल्या ११५ मुख्य अन्नपिकांपैकी ८७ पिकं कीटक-पाखरांवर कमीजास्त अवलंबून आहेत, पण एकूण अन्नाच्या वजनात त्यांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच. लोक उपाशी मरणार नाहीत. भाकरी मिळेल. काकडी, भोपळा, कलिंगड, काजू, सूर्यफुलाचं तेल, हे श्रीमंतांचं होईल. आणि उसाचं राज्य आणखी पसरेल, कारण त्याला माशीचं भाडं द्यावं लागत नाही. अख्ख्या जिल्ह्यात फक्त ऊस आणि मधे मधे भाड्याच्या माश्यांचे चार हिरवे ठिपके. चित्र भकास आहे, पण उपासमारीपेक्षा जास्त पटतं.

माश्या का संपल्या, हे तू 'प्रदूषणामुळे' म्हणून सोडून दिलंयस. दक्षिण भारतात १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू आला आणि सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या. अळी पिशवीसारखी फुगून मरते. मी धंद्यात आलो तेव्हा जुनी माणसं त्याबद्दल साथीच्या रोगाबद्दल बोलावं तशी बोलायची. दुसरं कारण फवारणी. माझ्याच आठ पेट्या एका उन्हाळ्यात गेल्या. शेजारच्या शिवारात फुलोऱ्यात, भर सकाळी औषध मारलं. मला सांगितलं असतं तर आदल्या रात्री पेट्या हलवल्या असत्या. दुपारी पेट्यांसमोर माश्यांचा थर पडला होता, काही अजून पाय हलवत होत्या. भांडण केलं नाही. शेजारी रोजचा आहे.

हे सांगायचं कारण असं. आज फुलोऱ्यात फवारताना निदान काही लोक थांबतात, संध्याकाळची वाट बघतात, कारण माशी मेली तर माल धरत नाही हे त्यांना कळून चुकलंय. यंत्राची माशी विषाने मरत नाही. ज्या दिवशी ती आली, त्या दिवशी हा शेवटचा लगाम सुटला. माश्या मेल्या म्हणून यंत्रं आली, असं तू लिहिलंयस. उलटं लिहून बघ. यंत्रं आली, म्हणून उरलेल्या माश्या वाचवायची गरज कुणाला वाटेना. मलेशियात याच्या नेमकं उलट झालं होतं. तिथे तेलताडाला माणसं हाताने पराग द्यायची. १९८१ मध्ये आफ्रिकेतल्या कॅमेरूनहून एक छोटा भुंगेरा आणून सोडला आणि ते सगळं काम त्याने फुकट अंगावर घेतलं. हातातलं काम कीटकाने नेलं.

सीमेचं तू काहीच वापरलं नाहीस, याचं मला आश्चर्य वाटलं. आपल्याकडे अशी घरं आहेत ज्यांची अर्धी जमीन कर्नाटकात आणि अर्धी पलीकडे महाराष्ट्रात. एका बाजूचा कागद पहाणी, दुसऱ्या बाजूचा सातबारा. आता यंत्रमाशी नकाशावर चालणार. कुठल्या सर्व्हे नंबरचं भाडं भरलंय ते बघून ती बांधावर थांबणार. इकडच्या परवान्याची माशी तिकडच्या काजूवर जाणार नाही, भले दोन्ही झाडं एकाच म्हाताऱ्याने लावलेली असोत. बांध म्हणजे काय हे सातेरीला माहीत नव्हतं. तुझा नायक हॅकिंग करतो ना? मग त्याला सबंध कंपनी उलथवायला लावू नकोस. त्याला फक्त आजोबांच्या पलीकडच्या काजूवर माश्या न्यायच्या आहेत. एवढंच.

आणि यात्रा! देवीच्या यात्रेआधी गाव वार पाळतं, त्या दिवशी शिवारात कुणी काम करत नाही. यंत्राने वार पाळायचा का? पंच म्हणतील, पाळायचा. कंपनी म्हणेल, भाडं चालूच राहील. कुणीतरी पोरगा म्हणेल, "माशी काय आपल्या गावची हाय की?" यावर देवळापुढे जी बैठक होईल, ती तू लिहूच शकतेस, मला त्यात पडायला नको. मग यात्रेत भंडारा उधळला जाईल. वाऱ्याने हळद शिवारावर येणार. पिवळी, बारीक, परागासारखी. यंत्राने ती पराग समजून उचलली आणि फुलाफुलाला नेली तर फळ धरणार नाही. पण त्या वर्षी शिवारातल्या प्रत्येक फुलात देवीचा भंडारा असेल, आणि काही म्हातारी माणसं त्यावर खूश असतील. हे मला लिहिता लिहिता सुचलं, फुकट घे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, पोटाच्या. बॅटरीची अडचण सोडवायला साठ वर्षांत कुणीतरी मकरंद पिणारं यंत्र करेलच. साखरेपासून थेट वीज करणाऱ्या बारीक घटांवर प्रयोगशाळांत आजही काम चालू आहे. मग खुंट्या नकोत, वायर नको. फुलावर बस, पी, उड. कंपनी जाहिरात करेल. पण त्या दिवशी यंत्राला पोट मिळालं, आणि पोट मिळालं की काय होतं ते मी बघितलंय. एकाच्या उन्हाळी काकडीसाठी मी सहा पेट्या दिल्या होत्या. मार्चचा शेवट होता. तीन दिवस माश्या काकडीवर. चौथ्या दिवशी ओढ्याकाठची जांभळं फुलली आणि काकडीवर एक माशी दिसेना. गडी मला म्हणतो, "काका, तुमच्या माश्या तिकडं काय करायलेत?" काय सांगणार? काकडीचा मकरंद तो केवढा, आणि जांभळाचा केवढा. भुकेल्याला तुमचा करार कळत नाही.

तुझ्या कथेत हे होऊ दे. मकरंदावर चालणाऱ्या यंत्रांची पहिली खेप येते, हंगाम चांगला जातो. मग एका वर्षी भीमगडच्या जंगलात कारवी फुलते. सात-आठ वर्षांतून एकदा फुलते ती, पण डोंगरच्या डोंगर एकदम. सकाळी पेट्या उघडल्या जातात आणि सगळी यंत्रं पश्चिमेला निघून जातात, बांध ओलांडून, पहाणी-सातबारा ओलांडून. कंपनीचा माणूस पडद्याकडे बघत बसतो. ज्यांनी कित्येक वर्षांत माश्यांचा आवाज ऐकला नाही, ते कारवीच्या रानात तो ऐकतात. पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव. ती परत येतात की नाही, हे मी ठरवलं तर कथा माझी होईल.

दोन बारीक दुरुस्त्या. तू 'राणी यंत्रमाशी' दाखवलीस, तिची गरज नाही. यंत्रं अंडी घालत नाहीत, ती कारखान्यात होतात. आणि नायकाला यंत्राची नांगी बसते, ते काढ. नांगी बसवायला कंपनी कशाला खर्च करेल?

लिहिण्याआधी एकदा शिवारात ये. सुट्टीच्या दिवशी ये, पण सकाळी नको, साडेचारला ये. पाचनंतर दोडका उमलायला लागतो. नर फूल कुठलं, मादी कुठलं, ते दाखवतो. मादीच्या मागे बोटाएवढा कोवळा दोडका आधीच असतो. एक ब्रश तुझ्या हातात देतो आणि वीस फुलं तुझ्याकडून करून घेतो. कंबर धरली तर मधे बसायचं नाही, अंधार पडायच्या आत संपवायचं. वीस झाली की प्रत्येकीला दोरा बांध. चार दिवसांनी फोन कर, किती धरली ते मोजून सांगतो.